बर्फावरची झहरा

जून महिना, बाहेर ४५ अंश तापमान, आणि मी सुटकेसच्या तळातून लेकीचा स्वेटर शोधत होते. तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस अल नस्र लेझरलँडच्या आइस रिंकवर होता. तिथून परतली ती एकच धोशा घेऊन, "आई, मला हे शिकायचंय."

मग यूट्यूबवर रशियन जोड्यांचं आइस डान्स सुरू झालं. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला १९७६ साली आणि पहिलं सुवर्ण सोव्हिएत संघाच्या पाखोमोवा-गोर्श्कोव्ह जोडीनं नेलं, ही माहिती मला नऊ वर्षांच्या मुलीकडून मिळाली! सांगलीहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला, "अगं, भरतनाट्यमचं काय वाईट आहे? आणि पाय मोडला म्हणजे?" ह्यांनी फीचा आकडा बघून नुसतंच "हं" केलं. मीही अभ्यासाचं कारण पुढे केलं. शाळेत शिकवत होते तेव्हा पालकसभेत "मुलांचा कल बघा" म्हणून मीच सांगायचे, हे सोयीस्कर विसरून.

त्याच दिवसांत झहरा लारीबद्दल वाचलं. अबू धाबीची, १९९५ सालची ही मुलगी 'आइस प्रिन्सेस' हा सिनेमा बघून स्केटिंगच्या प्रेमात पडली. पहाटे झायेद स्पोर्ट्स सिटीच्या रिंकवर सराव, मग शाळा. पण मुलगी मोठी होऊ लागली तसं वडिलांना तिनं चारचौघांत स्केटिंग करणं पटेना. त्यांनी थांबवलं. पुढे एका स्पर्धेला ते तिला नुसतं बघायला घेऊन गेले. तिथे ती दुसऱ्या मुलींसाठी जीव तोडून टाळ्या वाजवत होती. ते त्यांना बघवलं नाही आणि त्यांनी तिला पुन्हा बर्फावर जाऊ दिलं.

इथे मी वाचायची थांबले. उठून उगाचच डाळीचा कुकर लावला.

२०१२ मध्ये इटलीतल्या कानाझेईला ती अमिरातीकडून उतरली. हिजाब घालून स्पर्धेत उतरली म्हणून तिचे गुण कापले गेले. तिनं हिजाब सोडला नाही आणि स्पर्धाही सोडली नाही. अधिकाऱ्यांना समजावत राहिली आणि पुढे ती कपात थांबली. २०१७ मध्ये जर्मनीत ऑलिंपिकच्या पात्रता फेरीपर्यंत पोचली. पुढे जाता आलं नाही. मला वाटतं, जिथे वर्षातले पाच महिने आपण गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायला घाबरतो, तिथल्या मुलीनं बर्फावर एवढं अंतर कापणं काही कमी नव्हे.

हे सगळं मी रात्री ह्यांना सांगितलं. "तीन महिने बघू," ते म्हणाले.

पहिल्या शनिवारी लेक अकरा वेळा पडली. मी कठड्याबाहेर ह्यांचं जाकीट घालून कुडकुडत मोजत होते. संध्याकाळी सासूबाईंना तेच सांगितलं, तर क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "गुडघ्यांना तेल लाव तिच्या." आता दर शनिवारी त्यांचाच फोन आधी येतो. "आज किती?"

गेल्या शनिवारी चार.