सहा मीटर फीत

माणगावच्या बाजारपेठेत कापडाचे एक जुने दुकान आहे. मुंबई-गोवा महामार्ग गावातूनच जातो, निजामपूर आणि मोर्ब्याकडचे रस्तेही येथूनच फुटतात. त्यामुळे लग्नसराईत आणि गौरी-गणपतीच्या आधी आसपासच्या खेड्यांतील गिऱ्हाईक या दुकानात हमखास येते. गल्ल्यावर बसणाऱ्या दादाजींनी पासष्टी ओलांडली आहे. चाळीस वर्षे त्यांच्या हातून लाखो मीटर कापड मोजले गेले; पण मार्च महिन्यातील एका संध्याकाळी त्यांच्या नऊ वर्षांच्या नातीने केलेली मागणी त्यांना नवीनच होती.

“दादाजी, मला सहा मीटर साटीनची फीत द्या. अखंड हवी, मध्ये जोड नको.”

“वेणीला सहा मीटर?” दादाजी हसले.

नात हसली नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती ठाण्याला मामाकडे गेली होती. तेथे मामेबहिणीसोबत पंधरा दिवस ती रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला जाऊन आली. निघताना तेथील शिक्षिकेने तिच्या आईला एवढेच सांगितले होते की, मुलीच्या अंगात लवचीकपणा आहे आणि कानात ताल आहे. शिकवायचे असेल तर आता, आणि रोज. हे ‘रोज’ माणगावात शक्य नव्हते. मुलीला शिकवायचे, तर आई आणि मुलगी यांनी ठाण्यात राहायचे, असा त्याचा सरळ अर्थ होता.

सून त्या दुकानाचा निम्मा भार वाहत असे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल यांचा विभाग तिचा; जीएसटीचे सारे कामही तिच्याकडे. दादींचे गुडघे दुखत होते. त्यामुळे फितीचा प्रश्न सहा मीटरांचा राहिला नाही. तो साऱ्या घराचा झाला.

रात्री जेवणे आटोपल्यावर सुनेने हा खेळ समजावून सांगितला. तेरा मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद चौकोनात खेळाडू एकटी उतरते. दोरी, रिंग, चेंडू, क्लब्ज आणि फीत ही या खेळाची साधने. वरिष्ठ गटाच्या वैयक्तिक स्पर्धेत आता दोरी नसते. उरलेल्या चार साधनांवर चार रचना सादर करायच्या असतात. प्रत्येक रचना सव्वा ते दीड मिनिटाची आणि संगीताच्या तालावर. साधन उंच फेकायचे, ते हवेत असताना गिरकी किंवा कोलांटी घ्यायची आणि न पाहता ते अचूक झेलायचे. पंच अवघडपणाचे गुण देतात. कलात्मकता आणि सफाई यांत मात्र चुकांचे गुण वजा होतात. साधन हातून सुटले, चौकोनाबाहेर गेले, फितीला गाठ पडली, की गुण कापले गेलेच. दहा फुटी छताच्या घरात चेंडू पंख्याला लागतो. म्हणून उंच छताचे सभागृह आणि योग्य जमीन लागते. माणगावची अडचण नेमकी हीच होती.

दादाजींनी मनाशी हिशेब केला. “चार साधने, प्रत्येकी दीड मिनिट. म्हणजे सहा मिनिटे. आणि त्यासाठी दहा वर्षे घालायची?”

हिशेब चुकीचा नव्हता. या खेळात मुली सहा-आठ वर्षांच्या वयात सुरुवात करतात, सोळाव्या वर्षी वरिष्ठ गटात येतात आणि बहुतेकींची कारकीर्द पंचविशीच्या आत संपते. आजवर एकही भारतीय रिदमिक जिम्नॅस्ट ऑलिम्पिकपर्यंत पोहोचलेली नाही. २०१६ साली रिओला गेलेली दीपा कर्माकर आणि त्यानंतर टोकियोला गेलेली प्रणती नायक या दोघी कलात्मक जिम्नॅस्टिक्सच्या खेळाडू. ती शाखा वेगळी.

मग सुनेने ठाण्याच्या संयुक्ता काळेचे नाव काढले. २०२२ च्या जून महिन्यात पंचकुला येथे झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत या मुलीने रिदमिक जिम्नॅस्टिक्सची पाचही सुवर्णपदके जिंकली: चारही साधनांची चार आणि सर्वसाधारण विजेतेपदाचे एक. पुढच्याच वर्षी गोव्यात झालेल्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिने चार सुवर्ण आणि एक रौप्य मिळवले आणि प्रणती नायकसह ती स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट महिला खेळाडू ठरली. त्या वर्षी ८० सुवर्णांसह एकूण २२८ पदके जिंकून महाराष्ट्र पहिला आला होता.

कसलेला व्यापारी भाव ऐकून थांबत नाही. माल कोठून आला, हे विचारतो. दादाजींनी तेच विचारले. “या मुलीला शिकवले कोणी?”

त्या प्रश्नाच्या उत्तरात साऱ्या चर्चेला वळण लागले. संयुक्ताला घडवणाऱ्या प्रशिक्षकांपैकी एक पूजा सुर्वे. पूजा स्वतः राष्ट्रकुल स्पर्धेची खेळाडू. २०१० साली दिल्लीत झालेल्या त्या स्पर्धेत भारताच्या रिदमिक संघात पूजा सुर्वे, अक्षता शेटे आणि क्षिप्रा जोशी या तीन मराठी मुली उतरल्या होत्या. आशिषकुमारने त्याच स्पर्धेत भारताला जिम्नॅस्टिक्समधील राष्ट्रकुलची पहिली पदके मिळवून दिली आणि वृत्तपत्रांत त्याचा गौरव झाला, तो योग्यच होता. या तिघींच्या वाट्याला पदक आले नाही. पदकांच्या तक्त्यात पाहिले तर त्यांच्या कित्येक वर्षांच्या श्रमांपुढे शून्य आहे. परंतु बारा वर्षांनी पंचकुल्यात जी पाच सुवर्णे आली, त्यांच्या मुळाशी ते शून्य होते. एका पिढीने जे भांडवल गुंतवले, त्याचा परतावा पुढच्या पिढीच्या खात्यावर जमा झाला.

दादाजी गप्प बसले. दुकान त्यांच्या वडिलांनी उभे केले होते आणि त्या पहिल्या वर्षांच्या वहीत नफ्याचा रकाना बहुतेक कोराच होता, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

तरीही त्यांची शंका फिटली नव्हती. १९७६ साली ते कॉलेजात होते. माँट्रियलच्या ऑलिम्पिकमध्ये रोमानियाच्या चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीने दहापैकी दहा गुण मिळवले आणि चार आकडे दाखवू न शकणाऱ्या फलकावर ते ‘१.००’ असे उमटले, ही बातमी त्यांना आजही आठवत होती. “जिम्नॅस्टिक्स त्या देशाच्या रक्तात आहे,” ते म्हणाले. “आपण कुठे पुरे पडणार?”

मुलाने शांतपणे दुसरी बाजू मांडली. नादियाची शाखा कलात्मक. रिदमिकमध्ये त्याच रोमानियाच्या नावावर सबंध इतिहासात ऑलिम्पिकचे एकच पदक आहे. १९८४ साली लॉस एंजेलिसला हा खेळ ऑलिम्पिकमध्ये प्रथम आला. कॅनडाच्या लोरी फंगला सुवर्ण मिळाले, रोमानियाच्या डोइना स्तैकुलेस्कूला रौप्य आणि पश्चिम जर्मनीच्या रेगिना वेबरला कांस्य. या खेळात तेव्हा सर्वांत बलाढ्य असलेल्या सोव्हिएत संघाने आणि बल्गेरियाने त्या ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला होता. त्यांच्या गटातील रोमानिया मात्र बहिष्कार झुगारून गेला. म्हणून डोइना त्या चौकोनात उतरू शकली. तिच्याइतक्याच किंवा तिच्याहून अधिक तयारीच्या काही मुली त्या दिवशी घरी बसून राहिल्या, आणि त्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता.

“म्हणजे मेहनत आपल्या हातात आणि भाव बाजाराच्या हातात,” दादाजी म्हणाले. हे त्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. व्यापारात त्यांनी तेच पाहिले होते. चांगला माल भरावा आणि त्याच वर्षी पूर यावा. म्हणून कोणी माल भरणे सोडत नाही.

दादींचा प्रश्न वेगळा होता, आणि तो अधिक महत्त्वाचा होता. “तिथे पोरीला उपाशी तर ठेवणार नाहीत ना? आणि सराव संध्याकाळी असेल तर सूर्यास्ताआधीच्या जेवणाचे काय?” सडपातळ बांध्याचा आग्रह असलेल्या या खेळात जगभर अनेक मुलींनी अन्न तोडून प्रकृती बिघडवून घेतली आहे, दादींची भीती अनाठायी नव्हती. सराव दुपारच्या तुकडीत मिळेल आणि डबा आईच्या हातचा असेल, असे सुनेने सांगितले तेव्हाच दादी बोलत्या थांबल्या.

तरीही निर्णय होईना. आठ-दहा दिवस गेले. मग एका रविवारी पुण्याहून आत्याचा फोन आला. ही दादाजींची थोरली मुलगी. शाळेत असताना ती धावण्यात तालुक्यात पहिली आली होती आणि अलिबागच्या जिल्हा स्पर्धेसाठी निवडली गेली होती. नेमकी लग्नसराई होती, दुकानात माणूस नव्हते, मुलीला एकटे पाठवायचे कसे, असे म्हणून तिला पाठवले गेले नाही. त्या गोष्टीला तीस वर्षे झाली. तिने कधी तक्रार केली नव्हती, म्हणून घराने ती गोष्ट मिटली असे धरले होते.

फोनवर ती म्हणाली, “बाबूजी, मी अलिबागला पहिली आलेच असते असे नाही. कदाचित शेवटची आले असते. पण मी किती वेगाने धावते, ते मला कळले असते.”

दादाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. फोन ठेवल्यावर त्यांनी दिवाही न लावता दुकानात जाऊन बसणे पसंत केले. चाळीस वर्षांच्या खतावण्यांत ज्याची नोंद नव्हती, असे एक येणे त्यांना त्या अंधारात सापडले असावे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निर्णय सांगितला. उन्हाळ्याचे दोन महिने आई आणि मुलगी ठाण्याला मामाकडे राहतील. ब्लाउजपीसचा विभाग तोवर ते स्वतः पाहतील. हिशेबाचे काम सून तेथून करील. जून महिन्यात शाळा उघडण्यापूर्वी पुढचे ठरेल, आणि ते ठरवताना पहिला शब्द नातीचा असेल. अटी तीनच: अभ्यास सुटता कामा नये, जेवण तुटता कामा नये, आणि घरात पदकाची भाषा कोणी करू नये. “नको वाटले तर नको म्हण, बेटा,” ते नातीला म्हणाले. “त्यात कमीपणा नाही. पण शिकलीस, तर एक लक्षात ठेव. त्या पूजाताईंसारखे कधीतरी दुसऱ्या कोणाला शिकवायचे. माणगावातही मुली आहेत.”

एप्रिलच्या शेवटी माणगाव स्थानकावर घरची मंडळी जमली. गाडीला थोडा उशीर होता. दादाजींनी पिशवीतून एक छोटी गुंडाळी काढून नातीच्या हाती दिली. गुलाबी साटीनची सहा मीटर अखंड फीत. काठीला बांधायच्या टोकाकडचा भाग शिंप्याकडून दुपदरी शिवून घेतलेला.

“दादाजी, माझ्याकडे आहे ना फीत!”

“आहे, ठाऊक आहे मला. गाठ पडली तर बाजूला ठेवलेली दुसरी उचलता येते, असे तूच सांगितलेस. ही दुसरी.”

कोलाडच्या बाजूने येणाऱ्या रिकाम्या रुळांकडे पाहत ते क्षणभर थांबले आणि हळूच म्हणाले, “एक तुझ्या आत्यासाठीही मोजायला हवी होती. तेव्हा सुचले नाही.”