वाट अडली तेव्हा

लुंबिनीला जावे आणि तेथून काठमांडूला जावे, ही माझी फार दिवसांची इच्छा. लुंबिनी ही तथागतांची जन्मभूमी. आणि काठमांडू अशासाठी की, नोव्हेंबर १९५६ मध्ये तेथे भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच ६ डिसेंबर उजाडला. ते शहर एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढेच मनात होते.

ऑगस्ट २०१५ मध्ये योग आला. कॉलेजात शिकणारी लेक म्हणाली, "पप्पा, यात्रा कंपनी नको. पाठीवर एकेक पिशवी टाकू आणि मिळेल त्या गाडीने हिंडू." रेल्वेने गोरखपूर गाठले, तेथून बसने सोनौली. भारतीयांना नेपाळसाठी पासपोर्ट लागत नाही. मतदार ओळखपत्र खिशात ठेवले आणि कमानीखालून चालत परदेशात शिरलो!

लुंबिनीत अशोकस्तंभापुढे हात जोडून उभे राहिलो तेव्हा डोळे भरून आले. सम्राट अशोकाने येथे येऊन वंदन केले, गावाचा कर माफ केला आणि शेतसारा आठव्या हिश्श्यावर आणला, असे त्या स्तंभावर कोरलेले आहे. राजा यात्रेला आला आणि आधी गरिबाचे ओझे हलके केले, हे मला फार आवडले.

दुसऱ्या दिवशी काठमांडूची बस धरायची होती. पण बस सुटलीच नाही. तराईत बेमुदत बंद सुरू झाला होता. दुकाने बंद, रस्त्यावर जळके टायर, आडवी टाकलेली झाडे. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. परतीचे तिकीट काढलेले, रजा मोजकी. काठमांडू पावणेतीनशे किलोमीटरवर, आणि आम्ही विहाराच्या ओट्यावर पाऊस बघत बसलेलो. माझा पारा चढला. "यांच्या भांडणात आमचा काय गुन्हा?" मी लेकीला म्हणालो. ती काहीच बोलली नाही.

चौथ्या दिवशी काठमांडूचा नाद सोडला. एका म्हाताऱ्या सायकलरिक्षावाल्याने सोनौलीला सोडायचे कबूल केले. पहाटे निघालो. वाटेत मी रागानेच विचारले, "हा बंद कशापायी?"

तो म्हणाला, "बाबूजी, देशाचं संविधान लिहिताहेत आणि आम्हा मधेशींना कोणी विचारत नाही. माझी मुलगी सीमेपलीकडे नौतनव्याला दिली होती. नवरा गेला, ती लेकरू घेऊन परत आली. लेकराचा बाप हिंदुस्थानी म्हणून त्याला नागरिकतेचा कागद मिळत नाही. आई नेपाळी आहे, ते कोणी धरत नाही."

मी गप्प झालो. आपण कोण, हे त्याने विचारले. बाबासाहेबांचे नाव घेताच तो पायडल मारायचा थांबला. "निळा कोट घातलेले? त्यांचा पुतळा माझ्या जावयाच्या गावात होता."

भैरहव्याजवळ पोरांनी रिक्षा अडवली. म्हाताऱ्याने, बुद्धाच्या दर्शनाला आलेले पाहुणे आहेत, एवढेच सांगितले. पोरांनी रिक्षा सोडली नाही, पण आम्हाला सोडले. एकाने लेकीची पिशवी उचलून ओंडक्यापलीकडे ठेवली. पुढची वाट आम्ही पायी चाललो.

घरी आल्यावर वर्तमानपत्रे चाळत राहिलो. २० सप्टेंबर २०१५ ला नेपाळचे संविधान जाहीर झाले. त्या आंदोलनात चाळीसहून अधिक माणसे गेली, त्यांत पोलीसही होते. मग सीमेवर नाकेबंदी झाली, ती फेब्रुवारी २०१६ पर्यंत चालली. एप्रिलच्या भूकंपात घर गमावलेल्या लोकांनी तो हिवाळा गॅस आणि औषधांच्या टंचाईत काढला. त्यांचा तरी काय गुन्हा होता? म्हाताऱ्याचे दुःख खरे, आणि या लोकांचेही खरे.

२५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीत बजावले होते की, सनदशीर मार्ग खुले झाल्यावर असहकार, सत्याग्रह यांचा मार्ग सोडला पाहिजे. ते भाषण मी वस्तीत कितीदा वाचून दाखवले आहे! पण ज्यांना घटना लिहिणाऱ्यांच्या दारातच उभे करत नाहीत, त्यांनी कोणत्या दाराने जावे, हा प्रश्न त्या रिक्षात बसल्यावर मला पहिल्यांदा पडला.

३ जानेवारी २०१८ ला, भीमा-कोरेगावच्या हल्ल्यानंतर, महाराष्ट्र बंद झाला. त्या दिवशी आमच्या वस्तीपुढच्या रस्त्यावर मीही उभा होतो. एक म्हातारी बाई गाठोडे घेऊन आली. दवाखान्यात मुलगा आहे, म्हणाली. आमच्यातला एक तरुण तिच्यावर ओरडला. मी पुढे झालो, तिचे गाठोडे उचलले आणि तिला दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचवून आलो. वाटेत तिने विचारले, "कशापायी रं हे सगळं?" मी तिला सगळे नीट सांगितले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

काठमांडू अजून राहिलेच आहे. लेक म्हणते, "पप्पा, पुन्हा जाऊ." जाऊच. पण आता वाट अडली, तर आधी विचारीन, कशापायी. आणि आपणच अडवली, तर गाठोडेवालीला आधी वाट देईन.