सापडलं की चोरलं?

मुलांनो, २९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेत 'कतरिना' चक्रीवादळ धडकलं. बांध फुटले, न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्यात बुडाला.

पुढं दोन वृत्तसंस्थांची दोन छायाचित्रं गाजली. दोन्हींत छातीभर पाण्यातून खाण्याचं सामान नेणारी माणसं. खालच्या ओळींत मात्र गोऱ्या जोडप्याला ते 'सापडलं' होतं; कृष्णवर्णीय तरुणानं 'लुटलं' होतं! लोक भडकले. छायाचित्रकारांनी खुलासे केले, तरी चर्चा थांबेना.

मला माझा वर्ग आठवला. हरवलेलं पेन हुशार मुलाकडे दिसलं, तेव्हा मी विचारलं होतं, "कुठं सापडलं रे?" फाटक्या दप्तरवाल्याला मात्र, "चोरलंस ना?" त्यालाही ते सापडलंच होतं. मी त्याची माफी मागितली.

तुमच्या तोंडी आधी कोणता शब्द येतो, बघा हं!