मागितलेले शहाणपण

माहिती, विद्या आणि शहाणपण हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. माहिती ऐकून मिळते, विद्या अभ्यासाने साध्य होते. शहाणपण मात्र मागावे लागते, अशी ख्रिस्ती धर्माची शिकवण आहे. बायबलमधील तरुण राजा शलमोन याला देवाने स्वप्नात वर मागण्यास सांगितले. त्याने दीर्घायुष्य, संपत्ती किंवा शत्रूंचा नाश यांपैकी काहीच मागितले नाही. प्रजेचा न्याय करताना बरेवाईट ओळखू शकेल, असे अंतःकरण त्याने मागितले. ज्याला शहाणपणाची उणीव भासते त्याने ते देवाजवळ मागावे, असे नव्या करारातील याकोबाचे पत्रही सांगते. आपल्या उणिवेची जाणीव ही या शोधाची पहिली पायरी होय.

परंतु मागितलेले शहाणपण लाभले, हे ओळखावे कसे? त्याच पत्रात त्याची खूण दिली आहे. असे शहाणपण नम्र असते, कलह शमवते, दया करते आणि माणसामाणसांत भेद मानत नाही.

या खुणेचा अर्थ मला एका प्रवासात उमगला. चेन्नईहून गुम्मिडिपूंडीला जाणाऱ्या लोकलगाडीत माझ्यासमोर एक बाई तमिळ बायबल वाचत बसल्या होत्या. एक पान वाचून त्यांनी ग्रंथ मिटला आणि काही वेळ डोळे मिटून घेतले. एन्नोरला मासळीची टोपली घेतलेली एक म्हातारी डब्यात चढली. वासामुळे काहींनी अंग चोरले. त्या बाईंनी मात्र सरकून तिला शेजारी बसवले आणि टोपलीला हात देऊन ती बाकाखाली ठेवली. मला तमिळ येत नाही. पण त्यांनी काय वाचले असेल, हे विचारण्याची गरज उरली नाही.

मराठी साहित्यातील एका थोर शोधाचा आरंभही आगगाडीतच झाला होता. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना कवी नारायण वामन टिळक यांना एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. तो त्यांनी चिकित्सक बुद्धीने वाचला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळक विद्वान होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना शाळेचे शिक्षण लाभले नव्हते आणि सोवळ्याओवळ्याचे संस्कार त्यांच्या मनात खोलवर रुजलेले होते. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले. तरीही त्यांनी विचार करणे सोडले नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. जन्म, मरण, रक्त, हाडे सर्वांची सारखीच, मग भेद कोठून आला? उत्तर सापडताच त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. हे सारे बाप्तिस्म्यापूर्वीच घडले. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी ते कसलाही आव न आणता सांगितले आहे. पुढे याच घरात अनाथ मुलांना मायेचा आसरा मिळाला. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले.

शहाणपणाने दुःख टळते असे नाही. लक्ष्मीबाईंचा वियोग टळला नाही, आप्तांचे बोलही चुकले नाहीत. परंतु दुःखाने त्यांचे मन कडवट झाले नाही. उलट ते अधिक विशाल झाले. निर्भयता, क्षमा आणि स्वतःकडे पाहून हसण्याची शक्ती हीच या शोधाची फळे होत. ती कोणा एका धर्माच्या अनुयायांसाठी राखून ठेवलेली नाहीत. शहाणपण मागणाऱ्याने एवढीच तयारी ठेवावी, की ते लाभल्यावर शेजारच्या माणसासाठी आपल्याला थोडे सरकून बसावे लागेल.