जगायला आणि फिरायला

ऑक्टोबर म्हणजे दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागांच्या गोडी छाटणीचा महिना. कैच्या चालू असतात, छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावत बायका ओळीनं पुढे सरकत असतात, आणि आभाळात ढग दिसला की बागायतदाराचा जीव खालीवर होतो. २०२४ च्या अशाच ऑक्टोबरात तालुक्यातल्या एका घरी पंचविशीची मुलगी ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. ऑस्ट्रेलियाच्या ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाच्या सोडतीत तिला नाव घालायचं होतं. मुदत १ ते ३१ ऑक्टोबर, शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं साधारण चौदाशे रुपये.

पासपोर्टबरोबर पॅन कार्डही हवं होतं, आणि पहिली अडचण तिथंच आली. पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाव होतं, पॅनवर नुसतं आद्याक्षर. मराठी घरातल्या किती मुलामुलींचे अर्ज या एका मधल्या नावापाशी अडतात, याची मोजदाद कुणी ठेवली नसेल. दोन दिवस त्यातच गेले.

घरातले प्रश्न याहून अवघड होते. वडिलांनी विचारलं, “नोकरीला चाललीस का शिकायला?” दोन्ही नाही म्हटल्यावर ते गप्प झाले. आजी मात्र गप्प बसणारी नव्हती. “तिथं काय काम करशील?” फळं तोडायची, हॉटेलात वाढायचं, मिळेल ते, असं नातीनं सांगितलं. “आपल्या वावरात कधी कैची धरली नाहीस, आणि तिकडं जाऊन धरणार?”

आजीचा प्रश्न रास्त होता. गावाकडच्या मराठीत घर सोडून जाण्याच्या दोन वाटा आहेत. माणसं ‘जगायला’ जातात, नाहीतर ‘फिरायला’ जातात. जगायला जाणाऱ्याच्या डोक्यावर बोचकं असतं, आणि त्याला कुणी हौस विचारत नाही. फिरायला जाणारा पैसे खर्चून येतो, राबून नाही. या व्हिसानं दोन्ही वाटा एकाच कागदावर आणल्या आहेत. वर्षभर देश बघा, आणि बघायला लागणारे पैसे तिथंच कष्ट करून मिळवा.

तशी ही कल्पना मराठी माणसाला अगदीच परकी नाही. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते घरचं कर्ज फेडायला. मथुरेला बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढाच त्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात ते बंडाच्या वणव्यात सापडले, झाशीचा वेढा आतून पाहिला, वाटेत पुन्हा पुन्हा लुटले गेले. दक्षिणा घरी फारशी पोचली नाही, पण ‘माझा प्रवास’ हे पुस्तक मराठीला मिळालं. जगायला गेलेला माणूस फिरूनही येतो. त्यानं पाहिलेलं लिहून ठेवलं, तरच ते आपल्याला कळतं.

ऑस्ट्रेलियात काम करत फिरण्याची योजना १९७५ साली सुरू झाली, ती आधी ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडाच्या तरुणांसाठी. भारताची पाळी यायला जवळपास पन्नास वर्षं लागली. २ एप्रिल २०२२ रोजी दोन्ही देशांचा व्यापार करार झाला. कोळसा, वाइन, कापड यांच्या आयातकराबरोबर त्यात तरुण माणसांचाही एक आकडा ठरला, वर्षाला १,००० जागा. त्यातली पहिली सोडत ही ऑक्टोबर २०२४ ची. वय १८ ते ३०, बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी, परतीच्या तिकिटाखेरीज खात्यात साधारण ५,००० डॉलर, आणि मुलंबाळं बरोबर न्यायची नाहीत, अशा अटी होत्या. सोडतीत नाव निघालं तर खरा अर्ज भरायला २८ दिवस मिळतात. व्हिसा वर्षाचा. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही. कारण बस्तान बसवायला या व्हिसावर कुणी येऊ नये, हाच त्यामागचा हेतू. ठरावीक ग्रामीण भागात ठरावीक कामं तीन महिने केली तर मात्र दुसऱ्या वर्षाचा दरवाजा उघडतो.

पहिल्या दोनच आठवड्यांत ४०,००० अर्ज आले. एका जागेमागे चाळीस जण.

ब्रिटनचीही अशीच एक सोडत आहे, पदवीधरांसाठी, वर्षाला ३,००० जागांची, दोन वर्षांच्या व्हिसाची. तिथं नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, पण सोडत जेमतेम दोन दिवस उघडी असते आणि खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात. हे पाच हजार डॉलर नाहीतर अडीच हजार पौंड, म्हणजे तेव्हाच्या भावानं जवळपास पावणेतीन लाख रुपये, मुळात कुणाच्या खात्यात असतात? खरी चाळणी सोडतीच्या कितीतरी आधी लागलेली असते. दिंडोरीच्या या मुलीकडे ते होते, कारण त्या वर्षी द्राक्षाला भाव बरा मिळाला होता. आणि द्राक्ष वेळेत उतरलं होतं, कारण पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या वेळेत आल्या होत्या.

तिनं नकाशावर मिल्ड्युरा शोधून ठेवलं होतं. मरे नदीच्या काठचं हे गाव मूळ कॅनडाच्या चॅफी बंधूंनी १८८७ साली पाटाच्या पाण्यावर वसवलं. ऑस्ट्रेलियाच्या खायच्या द्राक्षांचा मोठा वाटा याच परिसरातून येतो. तिथले जुने लोक ज्याला सुलताना म्हणतात, ते आपलं थॉम्पसन सीडलेस. पृथ्वीच्या दोन अर्ध्यांत ऋतू उलटे, तरी काढणी दोन्हीकडे साधारण एकाच सुमारास, फेब्रुवारी-मार्चला. आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या करून वेलीला तसं वळण लावलंय म्हणून.

मिल्ड्युराच्या बागेत तोडणी करणाऱ्यांत जगभरची पोरं असतात. त्यांच्या मजुरीची कहाणी वाचताना तिला एक शब्द ओळखीचा वाटला, उक्तं. किती पेट्या भरल्या त्यावर पैसे. नवखा हात दिवसभर राबून तासाच्या किमान वेतनाइतकेही मिळवत नसे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या फेअर वर्क आयोगानं निर्णय दिला, आणि एप्रिल २०२२ पासून उक्त्या कामालाही किमान वेतनाचा तळ मिळाला. कामगार संघटना भांडल्या, म्हणून हे झालं.

राहण्याची कहाणी याहून वाईट आहे. क्वीन्सलँडमधल्या चिल्डर्स गावात फळं-भाज्यांच्या तोडणीला आलेली मुलं पॅलेस नावाच्या जुन्या लाकडी इमारतीत राहत. २३ जून २००० च्या रात्री तिथं एका माणसानं आग लावली. धोक्याची घंटा चालत नव्हती, एका खोलीत खाट आडवी आल्यानं दार अडलेलं, खिडकीला गज. पंधरा तरुण गेले. इमारत नंतर पुन्हा उभी केली, आणि आता तिथं त्या पंधरा जणांना शेतात एकत्र बसलेले दाखवणारं एक मोठं चित्र आहे. ज्यांनी आपल्या लेकरांना ‘फिरायला’ पाठवलं होतं, त्या आईबापांना ती अशी एका चौकटीत बघायला मिळाली. हे लिहितानाही हात थांबतो.

म्हणून जाऊ नये का? जावंच. पंचविशीत वर्षभर कुणाचा तरी अनोळखी मजूर होऊन बघणं, हे कुठल्याच पदवीत मिळत नाही. आपल्या घरांत ‘वर्ष वाया जाईल’ ही धास्ती फार आहे, मुलींच्या बाबतीत तर दुप्पट.

डिसेंबर लागला. ईमेल आलं नव्हतं. बागेत विरळणी सुरू झाली होती, आणि आजीचं बोलणं मनाला लागलेलं होतं. मुलगी एका सकाळी कैची घेऊन वेलीखाली उभी राहिली. सुरगाण्याच्या एका मावशीनं तिचा हात धरून घड कसा फिरवायचा, कुठला मणी काढायचा, कुठला ठेवायचा, ते दाखवलं. मान वर, हात वर, तासाभरात खांदे भरून आले. मावशी आठ तास तशीच उभी राहणार होती.

जेवणाच्या सुट्टीत मुलीनं तिला ऑस्ट्रेलियाचं सगळं सांगितलं. मावशीनं ना डॉलर विचारले, ना विमान. “तिथं राहायला खोली देतात का?” एवढंच विचारलं.

मुलीला नीट सांगता येईना. संध्याकाळी ती पहिल्यांदाच टोळीच्या शेडमध्ये गेली. अकरा माणसं, दोन चुली, एक बल्ब, उघडी वायर. मागच्या बाजूला औषधाचे रिकामे डबे रचलेले, आणि बाहेर पडायला एकच दार. ती थोडा वेळ दारातच उभी राहिली. मग घरी येऊन तिनं वडिलांकडे मोजपट्टी मागितली.

“कशाला?”

“मागच्या भिंतीत दार पाडायचंय, दादा.”

“काढणी उरकली की बघू.”

“काढणीपर्यंतच तर ती राहणार आहेत,” ती म्हणाली, आणि बॅटरी घेऊन पुन्हा शेडकडे निघाली.