धुळ्याच्या एसटीने मीटिंगला

आपल्या जळगावकर बांधवांना धुळे माहीत आहे ते लळिंगच्या लांडोर बंगल्यामुळे. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते. त्यांच्या त्या भेटीची आठवण म्हणून दरवर्षी त्या तारखेला बंगल्यावर यात्रा भरते. आमच्या गल्लीतले एक दादा मात्र दर आठवड्याला वेगळ्याच कामासाठी धुळ्याची गाडी धरतात. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगला जातात. नाव न घालण्याच्या अटीवर त्यांनी हे लिहायला परवानगी दिली.

जळगावला मीटिंग नव्हती असे नाही. दादा दालमिलमध्ये हमाली करतात. पहिल्यांदा धीर करून गेले तर समोर मुकादम बसलेला! खरे म्हणजे मुकादमही त्याच दुखण्याचा माणूस, आणि तिथले बोलणे तिथेच ठेवायचे हा नियम. पण दादांची जीभ काही उघडली नाही. नव्वदेक किलोमीटरवर ओळखीचे कोणी नसेल, म्हणून मग धुळे.

एका सुटीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर निघालो. वहिनीही होत्या. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धे तिकीट झाल्यामुळे त्यांचे जाणे परवडते. बांभोरीला गिरणेचा पूल लागला, मग पाळधी, एरंडोल, पारोळा. दादा खिडकीकडे तोंड करून बसलेले. वहिनी म्हणाल्या, "आधी या रस्त्याचा एकेक गुत्ता यांना पाठ होता." दादा नुसते हसले.

मीटिंगची खोली साधी. सतरंजी, थोड्या खुर्च्या, चहाची किटली. दारात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी "ये भो, बठ" म्हटले. जात, धर्म, गाव कोणी विचारले नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही ती संघटना. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूने खचलेले, एकमेकांच्या आधाराने सावरले, तिथून ती सुरू झाली. भारतात ती १९५७ च्या सुमारास आली. फी नाही. दारू थांबवायची इच्छा एवढीच अट. शेवटी पिशवी फिरते, जमेल ते टाकावे, नाही टाकले तरी चालते. एकेकजण फक्त नाव सांगतो आणि आपली गोष्ट सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, उपदेश करत नाही. दोनदा घर विकलेला माणूस बोलत होता तेव्हा वहिनींनी पदर तोंडाला लावला.

एक अडचण आपल्या लोकांना हमखास येते, ती लपवण्यात अर्थ नाही. संघटनेच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचे नाव आहे, आणि मीटिंगच्या शेवटी बहुतेक ठिकाणी प्रार्थनाही होते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने ते कसे म्हणायचे? दादांनी पहिल्या महिन्यातच हा प्रश्न विचारला. त्याच म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितले, "आपापल्या समजुतीप्रमाणे असेच लिहिले आहे. तुझ्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे ही खोलीतली माणसे धर. प्रार्थनेच्या वेळी गप्प राहा." वहिनींनी घरी येऊन निकाल दिला, "संघाला शरण तर आपण रोजच जातो." मला हा निकाल पटला. मात्र देव मानल्याशिवाय सुटका नाही असे एखाद्या गटात कोणी बजावू लागले, तर भांडत बसू नये, दुसरा गट पाहावा. एका मीटिंगवरून पारखही करू नये. दादांना तिसऱ्या-चौथ्या वेळी तोंड उघडता आले.

कोणी म्हणेल, पंचशील असताना हे कशाला? पाचव्या शीलाला ज्याचा आवाज खाली जातो, त्याला विचारावे. तो हळूहळू विहारात यायचाच बंद होतो. लाजेने.

आणखी एक गोष्ट. रोज पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम दारू तोडू नये. हातपाय थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो, दोन-तीन दिवसांत जिवावरही बेतू शकते. आधी दवाखाना. धुळ्याला चक्करबर्डीवर हिरे वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. दादांनीही आधी औषधोपचार घेतले, मीटिंग नंतर. मीटिंगच्या जागा आणि वार बदलत राहतात, म्हणून इथे पत्ता छापत नाही. दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात विचारावे, किंवा १४४४६ या सरकारी नंबरावर फुकट फोन करावा.

त्या दिवशी खुली मीटिंग होती म्हणून मला आणि वहिनींना बसता आले. बंद मीटिंगला फक्त पिणारेच बसतात. घरच्यांसाठी अल-अॅनॉन ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे. मुक्तांगणने, म्हणजे अनिता व अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात काढलेल्या व्यसनमुक्ती केंद्रानेही घरच्या बायकांना आपल्या कामात धरले आहे. वहिनींना ते फार पटले. नवरा सुधारला तरी बाईच्या छातीतली धडधड लगेच थांबत नाही, असे त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत दादा झोपले. वहिनी तेवढ्यात एका कागदावर जळगावातल्या दोन बायांची नावे लिहीत होत्या. दोघींचे नवरे पितात. पुढच्या आठवड्यात त्यांनाही आणायचे होते, अर्ध्या तिकिटात.