माळ्यावरची बाटली

आमच्या घराण्यात मद्याचा शिरकाव प्रथम झाला तो द्राक्षाच्या रोपांच्या रूपाने, आणि दुसऱ्यांदा झाला तो पुतण्याच्या नोकरीच्या रूपाने. दोन्ही वेळी आमचे ज्येष्ठ बंधू गळ्यातील तुळशीच्या माळेवर हात ठेवून गप्प राहिले. निफाड तालुक्यातील आमचे घर माळकऱ्यांचे. कांद्याच्या मुलखात राहूनही एकादशीला तेथे कांदा चिरला जात नाही. अशा घरात वाइन हा शब्ददेखील हलक्या आवाजात उच्चारला जावा, यात नवल ते काय?

आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहोत आणि बदलीच्या कृपेने गेली तीन वर्षे तंजावरास आहोत. गेल्या श्रावणात पुतण्या चार दिवस आमच्याकडे येऊन राहिला. वय वर्षे चोवीस. नाशिककडील एका वाइन कारखान्याच्या विक्री खात्यात तो नोकरीस आहे, आणि तरुण मंडळींना वाइनकडे वळवणे हे त्याचे नेमून दिलेले काम! त्यावरून बापलेकांत अबोला होता. ‘तू तरी त्याला चार शब्द सांग,’ असा वहिनींचा निरोप आमच्याकडे आधीच येऊन पोचला होता.

चार शब्द सांगण्यासाठी आम्ही त्याला संध्याकाळी मोठ्या देवळाच्या बाजूला फिरावयास नेले. वाटेत एका मद्याच्या दुकानापुढे गर्दी दिसली. तामिळनाडूत २००३ पासून मद्याची किरकोळ विक्री सरकारी महामंडळाच्या हाती आहे. “बघ, येथे दुकानही सरकारी, आणि गिऱ्हाइकाला कोणी बोलवावे लागत नाही,” आम्ही म्हणालो. तो हसला. “काका, आमचं तसं नाही. आम्हाला उघड जाहिरात करता येत नाही, आणि पोरं तर आमच्या मालाला घाबरतात.”

मग त्याने आम्हांस आपला धंदा समजावून दिला. वाइन म्हणजे परीक्षेचा पेपर, अशी तरुणांची समजूत. पेला कसा धरावा, वास कसा घ्यावा, नाव कसे उच्चारावे, सारेच अवघड. म्हणून आता ती लहान डब्यांतून विकतात, थंडगार आणि किंचित गोडसर. लोकांना मळ्यात बोलावतात, गाणेबजावणे ठेवतात. ही विवंचना केवळ नाशिकची नव्हे. २०२४ साली जगातील वाइनचा खप १९६१ नंतर सर्वांत खाली गेला, आणि फ्रान्स-इटलीतील जुने मळेवालेही तरुणांच्या तोंडाकडे पाहत बसले आहेत.

“आणि त्याच कारखान्यात,” तो पुढे म्हणाला, “थोड्या लोकांसाठी जुन्या बाटल्याही उघडतो. मळा एकच, वर्षं वेगवेगळी. ओळीनं मांडल्या की कोणत्या साली पाऊस लांबला, कोणत्या साली ऊन कडक पडलं, ते जिभेला कळतं.”

हे ऐकून आम्हांस मौज वाटली. तरीही आम्ही विचारावयाचे ते विचारलेच. “अरे, पण तरुण पोरांना मद्याची गोडी लावण्यात पुरुषार्थ कसला?”

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “काका, माल खपला नाही की काय होतं, ते मी आठव्या वर्षी पाहिलंय.”

आम्हीही ते पाहिले होते. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षांवरील प्रक्रियेच्या उद्योगाचे धोरण आखले आणि जिल्ह्यात कारखाने उभे राहू लागले. दादांनी एका कारखान्याशी करार करून दोन एकरांत शिराझ लावली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, सारे त्यांनी खाण्याच्या द्राक्षाइतक्याच निष्ठेने केले. २००७ चा माल गेला तेव्हा कारखान्याने प्रत्येक बागाईतदाराला एकेक बाटली भेट दिली. पुढे मंदी आली. २००९ साली कारखान्याने माल उचललाच नाही. घड वेलीवरच सुकले आणि पावसाळ्यापूर्वी दादांनी स्वतःच्या हाताने बाग तोडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुतण्याला सरस्वती महाल दाखविला. सरफोजी राजांनी, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजींनी, हे ग्रंथालय नावारूपास आणले. येथील मराठी हस्तलिखितेच सुमारे तीन हजार आहेत. कीड लागू नये म्हणून वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी यांची पुरचुंडी पोथ्यांजवळ ठेवण्याची येथील जुनी रीत आम्ही त्याला सांगितली. तो बराच वेळ एका ताडपत्रापुढे उभा राहिला. मग एकदम म्हणाला, “काका, ती बाटली आप्पांनी अजून ठेवलीय. माळ्यावर, द्राक्षाच्या पेटीत, कागदात गुंडाळून. मागच्या महिन्यात मला सापडली.”

आम्ही चकित झालो. माळकरी मनुष्याने मद्याची बाटली अठरा वर्षे जपावी! “मग आता ती चांगलीच मुरली असेल?” आम्ही विचारले.

“नाही हो. बहुतेक वाइन दोनचार वर्षांतच प्यायची असते. टिकणारी निराळी, आणि तिलाही अंधार लागतो, बाराएक अंशांचा गारवा लागतो, बाटली आडवी ठेवावी लागते. नाहीतर बूच वाळतं. आपल्या माळ्यावर वर पत्रा. तिचा शिरका झाला असणार.”

जुनेपण आपोआप येते, मुरणे मात्र राखावे लागते, हे आम्हांस त्या पोथ्यांसमोर उमगले. तंजावरात वेखंड होते. आमच्या घरी होता तो अबोला, आणि वर तापलेला पत्रा. पुतण्याला सांगावयाचे चार शब्द आमच्याजवळ उरले नव्हते. ते दादांनाच सांगणे भाग होते.

त्या रात्री आम्ही दादांना फोन केला. पोराला बाटली सापडली आहे आणि ती तुमच्यासमक्ष उघडण्याची त्याची इच्छा आहे, असे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. आम्हांस वाटले, फोन तुटला.

“खराब झाली असेल ना रे?” दादांनी विचारले.

“तो म्हणतो, झाली असेल.”

“असू दे. त्याला म्हणावं, ये. मी पिणार नाही. पण वास घ्यायला माळ आड येत नाही.”